पायाळू

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आधी आले. आमच्या खामगाव तालुक्यात या गोष्टीची नोंद जन्मदाखल्यापेक्षा पक्की होते. शाळेत घालताना गुरुजींनी माझी जन्मतारीख १ जून १९६२ अशी ठोकून दिली, ती खरी की खोटी हे मायलाही सांगता आलं नाही. पण मी पायाळू आहे हे आजूबाजूच्या चार गावांना पाठ होतं. पायाळूवर वीज लवकर पडते म्हणतात, त्यामुळे ढग गडगडले की माय मला हाताला धरून घरात ओढायची. विहिरीचं पाणी दाखवायला मला मागून नेत. एकदा पडक्या वाड्यातलं धन बघायला दोघं जण मला मागायला आले होते, तर बाबांनी त्यांना काठी दाखवून हाकललं. पण हे सगळं वरवरचं. पायाळूचा खरा उपयोग एकच, कुणाच्या पाठीत उसण भरली की त्याला लाथ द्यायची.

लाथ म्हणजे मारायचं नसतं. दिवस उगवायच्या आत दुखणेकऱ्याने ओसरीत उबडं निजायचं आणि पायाळूने काही न बोलता उजव्या पायाने दुखऱ्या जागी तीन डाव स्पर्श करायचा. झालं. एवढ्याने उसण उतरते अशी समजूत. पण लहान पोराचं हलकं वजन पाठीवर बरं वाटतं हे लोकांच्या ध्यानात आलं, आणि तीन लाथा झाल्या की पडल्या पडल्या आवाज यायचा, "आता असाच जरासा चाल ना रे बावा पाठीवरून."

१९७२ साली मी दहा वर्षांचा होतो. पाऊस नव्हता, वावरं उघडी पडली होती, आणि अख्खं गाव रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतं. बाया दिवसभर उकिडव्या बसून हातोडीने दगड फोडत. माप भरलं तर मजुरी. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला मिलो, लाल, चव नसलेली परदेशी ज्वारी. त्या साली आमच्या ओसरीत सकाळचा नेम मोडला. संध्याकाळीच माणसं येऊन बसायला लागली. मी आढ्याला बांधलेला दोर धरून एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर उतरायचो. मोबदला मूठभर सुकडी. एखादी म्हातारी तीही द्यायची नाही, नुसतीच डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायची.

माझ्या तळव्यांना गावातल्या पाठी अशा कळायला लागल्या. खडी फोडणाऱ्या बायांच्या कंबरेच्या दोन्ही बाजूंना दोरखंडासारखे पीळ असायचे, टाच ठेवली की हळूहळू सैल पडणारे. लोहारकाकाची उजवी बाजू डावीपेक्षा जाड. शेजारचे एक काका खामगावच्या बाजारात हमाली करायचे, त्यांच्या मानेखाली चामडी बैलाच्या खांद्यासारखी राठ झाली होती. तेव्हा पोतं क्विंटलचं असायचं. पुढे मास्तर झाल्यावर कुठेतरी वाचलं की आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच गड्याने वाहायच्या ओझ्याची हद्द ५५ किलो ठेवावी अशी शिफारस केली होती. काकांपर्यंत ती पोचली नाही. ते चाळिशीतच उजवीकडे कलले आणि तसेच कललेले गेले. आता कट्टा ५० किलोचा आला आहे. त्यांना तो पोराचा खेळ वाटला असता.

तर माझे पाय एवढे शिकलेले होते. पुढचं सांगायचं ते त्यामुळेच जड जातं.

१९७९. मी खामगावला बारावीला होतो, खोली करून राहायचो आणि शनिवारी गावाकडे यायचो. दिवाळीनंतर कापूस वेचणीला आला, आणि माय म्हणाली की पाठ दुखते. वेचणीच्या दिवसांत कुणाची पाठ दुखत नाही? कंबरेला वटा बांधायचा, वेचत जाल तसा तो पुढून भरत जातो, कंबरेला खाली ओढतो, आणि बोंडं गुडघ्याइतकी खाली असली की दिवसभर वाकलेलंच राहायचं. मजुरी किलोवर. जी पाठ सरळ करायला थांबली तिचा कापूस संध्याकाळी तराजूत कमी भरतो. त्यामुळे मायच्या दुखण्याकडे कुणी दुखणं म्हणून पाहिलंच नाही. शेजारणींची जशी दुखते तशी तिची दुखते, बस.

"पाय दे रे जरा," ती म्हणाली.

मी आता मोठा झालो होतो, वजन पडू नये म्हणून दोर घट्ट धरून एकच पाय टेकवला. खांद्याच्या फऱ्यांच्या जरा खाली, बरोबर मध्यावर, तळव्याला एक हाड लागलं. बाकीच्या मणक्यांच्या ओळीतून वर आलेलं. आणि माय विव्हळली. पाय दिल्यावर लोक विव्हळतातच, पण त्या विव्हळण्यात सुख असतं, "हाय, तिथंच, तिथंच" असं. हे तसं नव्हतं. तिने दातावर दात धरले होते.

शेकडो पाठींवरून मी चाललो होतो. असं हाड एकाही पाठीत लागलं नव्हतं. ते मला त्या क्षणी कळलं, आणि मी बोललो नाही. वाटलं, वाळली आहे म्हणून हाड लागतं. ती वाळलीच होती. संध्याकाळी अंगात कणकण असायची, ती म्हणायची उन्हाने. बाकी बाया रात्री पडल्या की त्यांच्या पाठी निवायच्या. मायची रात्रीच जास्त दुखायची, उठून भिंतीला टेकून बसायची. हे सगळं आम्हाला दिसत होतं. चार शनिवार मी पाय दिला.

मग एक दिवस ती वावरातून घरी आली तर एका पायात चप्पल नव्हती. बाबा हसले, म्हणाले, "चप्पल कोठी इसरली वं?" ती खाली पाहायला लागली. तिला माहीतच नव्हतं. चप्पल धुऱ्यावर निसटून पडली होती आणि ती तशीच काट्याकुट्यांतून घरापर्यंत चालत आली होती. तळव्यात काटा मोडलेला होता, तोही तिला कळला नव्हता. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. तेव्हा बाबा हसले नाहीत.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मणक्यांवर एकेक करून बोटाने टिचक्या मारल्या, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली, आणि एक्स-रे उजेडाला धरून बाबांना जवळ बोलावलं. दोन मणक्यांमधली जागा खाऊन टाकल्यासारखी दिसत होती, वरचा मणका खालच्यावर पुढून बसला होता. हाडाचा क्षय. बाबा म्हणाले, "साहेब, क्षय तं खोकल्याचा असते. हिले खोकला नाही." डॉक्टरांनी समजावलं की तो रक्तातून कुठेही जाऊन बसतो, हाडांत बसायचं ठरवलं की पाठीचा कणा त्याची आवडती जागा. इंग्लंडमधल्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने १७७९ मध्ये या दुखण्यावर लिहिलं होतं, म्हणून आजही त्याला त्याचं नाव आहे. पाठीत कुबड, आणि पाय लुळे पडत जाणं. दोनशे वर्षांपूर्वी लिहिलेलं आमच्या घरात चालू होतं आणि आम्ही वेचणीचं दुखणं समजत होतो.

मग त्यांनी विचारलं, "पाठीवर काही केलं का? चोळणं, तुडवणं?"

बाबा जमिनीकडे पाहायला लागले. मी म्हणालो, "मी पाय दिला."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "त्याने हे झालं नाही. पण एखादे वेळी मणका खचून मज्जारज्जूवर बसला असता, तर ही बाई पुन्हा उठली नसती."

दीड वर्ष औषध चाललं. सुरुवातीला रोज एक सुई, त्यासाठी शेजारच्या गावचा कंपाउंडर सायकलवर यायचा. मूठभर गोळ्या. फळीवर निजायचं, उठताना पट्टा बांधायचा. चौथ्या महिन्यात एका दुपारी तिने मला हाक मारली. "पाह्य पाह्य, हाल्ला." उजव्या पायाचा अंगठा हलत होता. ती तो पुन्हा पुन्हा हलवत होती आणि मी पाहत होतो.

माय बरी झाली. पाठीत पोक राहिलं. २००८ पर्यंत जगली, मजुरीला पुन्हा गेली नाही, पण घरची पऱ्हाटी वेचायला कुणाच्या बापाला ऐकली नाही. मी मात्र पाय देणं बंद केलं. लोक यायचे, मी नाही म्हणायचो. मास्तर झाला म्हणून लाज वाटते, असं गावाने ठरवून टाकलं. मी ते खोडलं नाही.

माझी पाळी २००६ मध्ये आली. नोकरीच्या शाळेपर्यंत रोज जाऊन येऊन सत्तर किलोमीटर मोटारसायकल, रस्ता कसला ते इकडच्या माणसाला सांगायला नको. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनचा कट्टा ट्रॉलीत टाकताना कंबर वळवली, आणि आत काहीतरी चमकलं. दुसऱ्या दिवशी कळ कुल्ल्यातून मांडीत, पोटरीत, पायाच्या बाहेरच्या कडेपर्यंत उतरली. खोकलं तरी वीज जायची. पायाळूवर वीज पडते ती ही, असं मला त्या अवस्थेतही सुचलं.

सगळ्यांनी सांगितलं, हलू नको. पंधरा दिवस जमिनीवर सतरंजी टाकून पडून राहिलो. पंधराव्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा वाईट होतो. मोठ्या शहरात एमआरआय काढला. तिथल्या एका सर्जनने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे फारसं पाहिलं नाही, आणि ऑपरेशनची तारीख दिली. रिपोर्टातल्या इंग्रजीचं मी डिक्शनरी घेऊन मराठी केलं: झीज, फुगवटा, दाब. वाचून आणखी वाकलो.

तारखेच्या आधी एका सहकाऱ्याने बळेच खामगावला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. वयाने माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. त्यांनी फोटो बाजूला ठेवला आणि विचारायला सुरुवात केली. रात्री दुखण्याने जाग येते का? पडल्यावर कमी होतं की वाढतं? ताप, कणकण? वजन उतरलं का? लघवी-संडासवर ताबा आहे ना? बसायची जागा बधिर वाटते का? पाऊल उचलताना घासतं का?

आणि मग, "चालताना चप्पल निसटते का, न कळता?"

माझ्याच्याने उत्तर देववेना. त्यांना वाटलं निसटते. त्या उठून माझा पाय तपासायला लागल्या. मी म्हणालो, "नाही मॅडम, माझी नाही निसटत."

हे सात-आठ प्रश्न. कागद लागत नाही, मशीन लागत नाही. ओसरीत बसून विचारता येतात. लघवी अडकली किंवा बसायची जागा बधिर पडली तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा, कारण उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच असं नाही. ताप, रात्रीचं दुखणं आणि उतरतं वजन असेल तर क्षयाची तपासणी आधी. पाय लुळा पडत असेल तर थांबायचं नाही. यातलं काहीच नसेल, तर दहांतल्या नऊ पाठी काही आठवड्यांत आपोआप वळणावर येतात. म्हणजे माझी पाठ भीतीदायक पाठ नव्हती. मायची होती, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

बाईंनी मला उबडं निजवलं. मला हसू आलं, म्हटलं आता लाथ देतात की काय. त्यांनी कोपरांवर छाती उचलून धरायला सांगितली. मग न्यूझीलंडची एक गोष्ट सांगितली. रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. १९५६ मध्ये त्यांच्याकडे पायात कळ उतरणारा एक रोगी आला. मॅकेन्झी त्याला आत जाऊन पालथं निजायला सांगून दुसऱ्याकडे वळले. आतल्या खाटेची एक बाजू आधीच्या रोग्यासाठी वर उचललेली राहिली होती, हा गडी तसाच पाठ मागे वाकवून पडून राहिला. मॅकेन्झी आले तेव्हा घाबरले, पण तो म्हणाला, इतक्या आठवड्यांत आज पहिल्यांदा पाय दुखत नाही. त्या चुकीतून त्यांची व्यायामाची पद्धत निघाली. सगळ्यांना ती लागू पडत नाही, कुणाला उलट पुढे वाकून बरं वाटतं. मला पडली. चौथ्या दिवशी पोटरीतली कळ मांडीत आली, मग कुल्ल्यात, मग नुसती कंबरेत. मी घाबरलो की कंबर वाढली. बाई म्हणाल्या, पायातून वर कंबरेकडे सरकते ना, मग ती घरी चालली आहे.

गादी सरकली, असं आपण म्हणतो. गादी कुठेही सरकत नाही. दोन मणक्यांच्या मध्ये ती पक्की चिकटलेली असते. पुरणाची पोळी कडेला फुटून पुरण बाहेर यावं तसा आतला मऊ भाग कडेला येतो आणि शेजारच्या नसेला टेकतो. पुष्कळदा शरीर तो स्वतःच जिरवून टाकतं. आणि फोटोचं म्हणाल तर अमेरिकेत १९९४ मध्ये, ज्यांची पाठ दुखत नव्हती अशा ९८ माणसांचे एमआरआय प्रसिद्ध झाले होते, त्यांतल्या निम्म्यांहून जास्त जणांच्या गाद्यांना फुगवटा होता. केस पिकतात तशा गाद्याही पिकतात. पडून राहण्याचंही तेच. १९९५ मध्ये हेलसिंकी शहराच्या नोकरदारांवर केलेल्या पाहणीत दोन दिवस अंथरुणात राहिलेल्यांपेक्षा झेपेल तसं रोजचं काम करत राहिलेले लवकर बरे झाले. माझे पंधरा दिवस सतरंजीवर फुकट गेले होते.

तारखेला मी ऑपरेशनला गेलो नाही. कुणाला ऑपरेशन लागतच नाही असं म्हणत नाही, माझ्याच साडूला लागलं आणि तो सुखात आहे. मला लागलं नाही. दोन महिन्यांनी मी वर्गात उभा होतो. अजूनही वर्षातून एखाद्या वेळी कंबर धरते. धरली की घाबरत नाही, चालतो, उबडं पडतो, कट्टा अंगाशी घेऊन उचलतो आणि उचलल्यावर कंबर वळवत नाही, पाय वळवतो.

या सगळ्याने मी जरा शहाणा झालो आणि शहाण्या माणसाने करू नये ते केलं, म्हणजे बायांना शिकवायला गेलो. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना वीतभर दांड्याच्या कुदळीने दिवसभर वाकून तण काढावं लागायचं, त्याने पाठी मोडायच्या, मजुरांचे नेते सीझर चावेझ यांचीही पाठ त्यातच गेली, आणि शेवटी १९७५ मध्ये तिथे त्या आखूड कुदळीवर बंदी आली, हे मी वाचलं होतं. लोहाराकडून खुरप्याला लांब दांडा बसवून घेतला आणि निंदणाऱ्या बायांपुढे ठेवला. एकीने दोन तास चालवून पाहिलं. तिसऱ्याला सोयाबीनची चार झाडं तणाबरोबर उपटली गेली. "गुरुजी," ती म्हणाली, "तण पाह्यचं असते. तेच्यासाठी खाली तोंड न्यावंच लागते." ते खुरपं अजून माझ्या कोठ्यात आहे, कबुतरं हाकलायला बरं पडतं. वटा अर्धा भरला की रिकामा करा, तास संपलं की कंबरेवर हात ठेवून पाच डाव मागे वाका, एवढं सांगितलं. आमच्या घरच्या वावरात त्या ते करतात. दुसऱ्याच्या वावरात मजुरी किलोवर असली की करत नाहीत, आणि करा म्हणायचं तोंड मला नाही.

पाय देणं मी पुन्हा सुरू केलं, माय गेल्यावर. कारण मी नाही म्हटलं म्हणून लोक थांबत नाहीत, दुसऱ्या गावच्या पायाळूकडे जातात, आणि तो विचारत नाही. मी आधी विचारतो. काही जण चिडतात. "तुमी काय डाक्तर हाये का?" म्हणतात. मी म्हणतो, नाही, म्हणूनच विचारतो. या बारा-पंधरा वर्षांत तिघांना मी पाय न देता खामगावच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. दोघांचं काही निघालं नाही आणि जाण्या-येण्याची मजुरी बुडाली म्हणून ते माझ्याशी बरेच दिवस बोलत नव्हते. तिसरी एक बाळंतीण होती. तिचं निघालं. सहा महिने गोळ्यांवर ती आमच्या घरावरूनच आंगणवाडीत यायची-जायची, आणि मी पेपर वाचायचं सोडून तिच्या पावलांकडे पाहायचो.

गेल्या श्रावणात पहाटेच एक जण आला, पंचविशीचा. दोन्ही हात कंबरेवर.

"गुरुजी, दोन दिसांपासून उसण भरली. लाथ द्या."

"झोप लागते का रात्री?"

"लागते ना. कूस बदलता येत नाही, एवढंच."

"ताप? लघवीले साफ होते? बसतो ते जागा बधिर?"

"काहीच्या काही काय इचारता राजेहो," तो हसला, आणि हसताना कंबर दुखून "आय गं" म्हणाला. "काल पंप मारला चौदा. सोळा लिटरचा. तेच्यानं झालं."

मी त्याला टाचांवर चालायला लावलं, मग चवड्यांवर. चालला. उबडं निजवून मणक्यांवरून बोट फिरवलं, एकेक टिचकी मारत. सगळे ओळीत होते. पिळे मात्र दोन्ही बाजूंना दोरखंडासारखे. मग उजवा पाय उचलून तीन डाव टेकवला, काही न बोलता. तो त्यासाठीच आला होता.

"आज पंप मारू नको," मी म्हणालो.

"नाही मारला तं अळी काय थांबते?"

"मग अर्धाच भर. अन् ओट्यावर ठेवून पाठीवर घे, खालून उचलू नको."

तो बरं म्हणाला. बोळ उतरून गेला तेव्हा नुकतं उजाडत होतं. मी ओसरीतून त्याची चाल पाहत राहिलो. जरा डावीकडे कलून चालत होता. दोन्ही चपला पायात होत्या.